पंखाला ठेवलेली नावं

जी वस्तू घ्यायची असते तिचं विकणाऱ्यासमोर कौतुक करायचं नाही, हा आमच्या घरातला नियम. कुणी समोर बसवून शिकवला नाही, बघून बघून अंगी मुरला. पुण्याच्या जुन्या बाजारात वडील मला घेऊन जायचे. एखादा पान्हा आवडला की ते तो उचलायचे, उलटसुलट करायचे, नाक मुरडायचे, "झिजलाय" म्हणून परत ठेवायचे आणि पुढच्या दुकानासमोर जाऊन उभे राहायचे. दुकानदार हाक मारणार हे त्यांना माहीत असायचं. पान्हा झिजलेला नाही हे दुकानदाराला माहीत असायचं, आणि त्याला ते माहीत आहे हेही वडिलांना ठाऊक असायचं. मग सौदा व्हायचा, दोघंही आपणच जिंकलो म्हणून खूश. कुणाचं मन दुखावलंय असं मी कधी पाहिलं नाही.

हा नियम मी अमेरिकेत बरोबर आणला. पहिली जुनी गाडी याच पद्धतीने घेतली, पहिला सोफाही. लग्नानंतर जोडीला नागपूरची बायको आली, ती या कामात माझ्याहून तयार. समोरच्याला मराठी कळत नाही हे आमचं भांडवल. ती सोफ्यावर हात फिरवत म्हणायची, "रंग छान आहे रे, पडद्यांना मॅच होईल," पण चेहरा असा करायची की जणू सोफ्यात ढेकूण दिसलेत. विकणारा मला विचारायचा, काय म्हणतायत त्या? मी खांदे उडवून सांगायचो, तिला काही पसंत नाही बुवा. टेक्सासमधल्या फ्रिस्कोतल्या आमच्या मित्रमंडळींत या जुगलबंदीचे किस्से जेवणानंतर हमखास निघायचे आणि आम्ही दोघं ते रंगवून सांगायचो. नव्याने आलेल्या जोडप्यांना तर सल्लेही द्यायचो.

हे आधी सांगतोय ते सबब म्हणून नाही. मी पुढे जे केलं ते करताना मला काहीच वेगळं वाटलं नाही, याची आज जास्त लाज वाटते, म्हणून सांगतोय.

विमान चालवायला मी चाळिशी उलटल्यावर शिकलो. क्लबचं भाड्याचं विमान शनिवार-रविवारी मिळणं मुश्कील, आणि मिळालं तर टेक्सासचा वारा नेमका त्याच दिवशी सुटलेला. स्वतःचं विमान हे ऐकायला फार शेठजीछाप वाटतं, आणि कारखान्यात तयार झालेलं घ्यायचं तर ते आमच्या ऐपतीबाहेरचंच. पण या देशात विमानांची एक वेगळी जात आहे. सुट्या भागांचा संच पेट्यांतून घरी येतो आणि माणसं गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं खपून त्याचं विमान बनवतात. सरकारी तपासनीस येऊन बघतो, उडायची परवानगी देतो. पुढे बनवणारे म्हातारे होतात, डोळे नाहीतर हृदय साथ देईनासं होतं, मग ती विमानं विकायला निघतात. जुनी असली की एखाद्या बऱ्या मोटारीच्या किमतीत मिळून जातात. मेख एवढीच की कारखान्यातलं विमान घेताना तुम्ही कंपनीवर विश्वास टाकता, आणि हे घेताना एका अनोळखी माणसाच्या हातांवर.

पैसे होते ते किचनसाठी ठेवलेले. आमचं किचन घर घेतल्यापासून तसंच, कपाटांची दारं लोंबकळलेली. बायकोने बराच विचार करून सांगितलं, "घे तू विमान. किचन पुढच्या वर्षी करू. पण जेवढे ठेवलेत तेवढ्यातच हं, वर एक पैसा नाही." तिने हे कुरकुर न करता सांगितलं, म्हणून मला जास्तच टोचलं. तिच्या ओट्याचे पैसे मी हवेत उडवायला निघालो होतो. मग मनाशी ठरवलं की काही झालं तरी त्यातले थोडे वाचवून परत आणायचे, म्हणजे निदान कपाटांची दारं तरी नवी येतील. माझी पुढची सगळी लबाडी या सद्‌हेतूच्या पोटीच जन्मली.

महिनोन्‌महिने जाहिराती चाळल्यावर एक विमान सापडलं. ओक्लाहोमाच्या हद्दीजवळ, गवताची धावपट्टी असलेल्या एका छोट्या खाजगी मैदानावर. दोन सीटचं, पत्र्याचं, खाली पंख. एका निवृत्त शाळामास्तरांनी आपल्या गॅरेजमध्ये बनवलेलं आणि पुढे बरीच वर्षं स्वतः उडवलेलं. मी फोन केला. पलीकडचे गृहस्थ हळू, नीट, शब्द निवडून बोलत होते. ऐंशीच्या घरातले असावेत. हात थरथरायला लागलेत, डॉक्टरांनी थांबायला सांगितलंय, म्हणून विकतोय, असं त्यांनी स्वतःहून सांगून टाकलं. आम्ही घरात त्यांना विमानवाले काका म्हणायला लागलो.

अशा खरेदीत आधी आपल्या बाजूचा मेकॅनिक पाठवून विमान तपासून घेतात. तो लायसन असलेला माणूस असतो, पैसे आपण देतो, आणि जे दिसेल ते तो फक्त आपल्याला सांगतो. विकणाऱ्याला तो चांगलं-वाईट काही बोलत नाही, ही त्या धंद्यातली रीतच आहे. माझा मेकॅनिक एक दिवसभर तिथे होता. झाकणं काढून, पंखांत छोटा कॅमेरा घालून त्याने सगळं पाहिलं. संध्याकाळी त्याचा फोन आला. तो एरवी तोंडाला कुलूप लावलेला माणूस, पण त्या दिवशी म्हणाला, "इतकं सरळ रिवेटिंग मी कारखान्याच्या विमानांतही क्वचित बघतो. दुसरं कुणी घ्यायच्या आत घेऊन टाका." रिवेट म्हणजे पत्र्यावर पत्रा जोडणारे छोटे खिळे. अशा विमानात ते हजारो असतात आणि प्रत्येक रिवेट हाताने ठोकलेला.

म्हणजे त्या शनिवारी मी बायकोला घेऊन निघालो तेव्हा विमान निर्दोष आहे हे मला पक्कं माहीत होतं. मुलगी मैत्रिणीकडे राहिली. तिला विचारलं होतं, येतेस का, तर म्हणाली, "डॅड, इट्स अ लाँग ड्राइव्ह." गाडीत मी बायकोला मेकॅनिकचं बोलणं सांगितलं आणि म्हटलं, "आपला नेहमीचा चेहरा करशील ना?"

"बघू," ती म्हणाली. "आधी विमान तर बघू दे."

काकांचा हँगर म्हणजे पत्र्याची मोठी शेड. आत फरशी इतकी स्वच्छ की बायकोने चपला बाहेर काढाव्यात का असं मला विचारलं. पांढरं विमान, त्यावर निळा पट्टा, आणि शेजारी काका, इस्त्रीचा शर्ट घालून उभे. त्यांनी माझ्याशी हात मिळवला तेव्हा ती थरथर माझ्या हातालाही जाणवली. त्यांनी सगळं स्वतः दाखवलं, लपवालपवी काही नाही. ही काच बदललीय, हा टायर जुना आहे, इथे रंग उडालाय. मग उजव्या सीटपाशी थांबले. तिथे एक फुलाफुलांची उशी होती.

"ही माझ्या बायकोची," ते म्हणाले. "ती उंचीने कमी होती, उशीशिवाय तिला बाहेरचं दिसायचं नाही. दर शनिवारी आम्ही कुठेतरी नाश्त्याला जायचो. विमानाची तिला सुरुवातीला भीती वाटायची. मी तिला सांगितलं, यातला एकेक रिवेट मी ठोकलाय, खराब वाटला तो काढून परत ठोकलाय. मग बसली. पुढे कधी नाही म्हणाली नाही." ती जाऊन तीन-चार वर्षं झाली होती. आजारपणाने गेली, विमानाशी त्याचा संबंध नाही.

बायको त्यांचं बोलणं ऐकत होती. मग ती पंखाखाली वाकली. पंख जिथे धडाला मिळतो तिथे रिवेटची एक लांब ओळ होती, तिच्यावरून तिने बोट फिरवलं. आमच्या बायकोला गहिवरून आलं की तिचा चेहरा रागावल्यासारखा दिसतो, कपाळाला आठ्या पडतात, ओठ आवळले जातात. लग्नाच्या व्हिडिओत पाठवणीच्या वेळी ती भांडायला निघाल्यासारखी दिसते. त्याच चेहऱ्याने ती उठली आणि मला मराठीत म्हणाली, "किती जीव लावून केलंय रे या माणसाने. भाव नको करूस. जे म्हणतील ते देऊन टाक." तेवढ्यात मुलीचा फोन आला आणि ती बोलत बोलत बाहेर उन्हात गेली.

काकांनी तिचा चेहरा पाहिला होता. त्यांनी मला विचारलं, "काय म्हणाल्या त्या?"

मी जराही थांबलो नाही. इतक्या वर्षांची सवय, उत्तर जिभेवर तयार. एरवी मी एवढंच म्हणालो असतो की तिला पसंत नाही. पण इथे मला जरा वजनदार काहीतरी हवं होतं, कारण माणूस सज्जन होता आणि सज्जन माणसाशी घासाघीस करणं अवघड जातं. मी म्हणालो, "ती त्या रिवेटच्या ओळीकडे बघत होती. तिला ती बरोबर वाटत नाहीये. म्हणते, यात मी आपल्या मुलीला बसू देणार नाही."

जुन्या बाजारातला दुकानदार असता तर हसला असता, नाहीतर उखडला असता. काकांनी दोन्ही केलं नाही. त्यांनी खिशातून चष्मा काढला, लावला, आणि कष्टाने वाकून त्या ओळीवरून बोट फिरवायला लागले. अगदी हळू, एकेक करून. "कुठे?" त्यांनी विचारलं.

"मला नक्की नाही सांगता येणार," मी म्हणालो. "इथेच कुठेतरी."

ते बराच वेळ तसेच वाकलेले राहिले. मग उठले, आणि आपणहून किंमत उतरवली. मी मनात जी धरून आलो होतो तिच्याही खाली. मी पुढचं वाक्य तयार ठेवलं होतं, त्याची गरजच पडली नाही. ते म्हणाले, "आईला भीती वाटते तेव्हा ती उगाच वाटत नसते." आम्ही हात मिळवले. इन्शुरन्स आणि कागदपत्रं व्हायला काही आठवडे लागणार होते, ते झाले की पैसे देऊन विमान न्यायचं ठरलं.

परतताना बायकोने विचारलं, "कितीला दिलं?" मी आकडा सांगितला. ती म्हणाली, "मी तुला भाव करू नको म्हटलं होतं."

"मी काही केलाच नाही," मी म्हणालो. "त्यांनीच कमी केला." हे शब्दशः खरं होतं आणि म्हणून मला ते सांगताना फार हुशार वाटलं.

"मी आत आले तेव्हा ते काका एकदम गप्प होते रे. बाय म्हणताना माझ्याकडे बघेनात."

"विमान जाणार म्हणून वाईट वाटत असेल."

"हं," ती म्हणाली. तिने कपाटाच्या दारांचे नमुने फोनवर बघायला सुरुवात केली आणि घरी येईपर्यंत मला दाखवत राहिली. मी सगळ्यांना छान छान म्हणत होतो. वाटेत गाडी थांबवून मी टाको खाल्ले.

पुढच्या आठवड्यांत काकांच्या त्या वाकलेल्या पाठीची मला अधूनमधून आठवण यायची. तेव्हा मी स्वतःची समजूत घालायचो. पैसे त्यांनी स्वतः कमी केले. त्यांना एवढ्या पैशांची गरज दिसत नाही. विमान चांगल्या घरी जातंय. एकदा वाटलं, फोन करून सांगावं की मेकॅनिकने तुमच्या कामाची फार तारीफ केली. पण तसं सांगायचं तर मग त्या दिवशी का नाही सांगितलं, हा प्रश्न आलाच. पैसे दिल्यावर सांगू, असं मी ठरवलं. त्यात काय कमीपणा आहे हे मला तेव्हा दिसत होतं, तरीही ठरवलं.

मग काकांचा फोन आला. आम्ही स्वयंपाकघरात होतो, बायको पोळ्या लाटत होती, माझे हात कणकेचे म्हणून मी स्पीकर लावला.

"तुम्हाला विमान देता येणार नाही," काका म्हणाले. "मी शेजाऱ्यांच्या मदतीने पंख काढला आणि खालचा पत्रा उघडला. ती ओळ सगळी ड्रिल करून काढली. आतली भोकं गोल राहिलेली नाहीत. स्पारमधलीसुद्धा." स्पार म्हणजे पंखाचा कणा, सगळा भार त्याच्यावर. "ती तेव्हाच मी वेडीवाकडी पाडली होती, की आता काढताना माझ्या हाताने झाली, हे मला सांगता येत नाहीये. पण असा पंख कुणाला देणं बरोबर नाही. तुमच्या पत्नीला माझे आभार सांगा. त्यांना जे दिसलं ते मला इतक्या वर्षांत दिसलं नाही. तुमच्या मुलीला त्यांनी वाचवलं असेल."

लाटणं थांबलं. मी काहीतरी पुटपुटलो आणि फोन ठेवला.

"मला काय दिसलं?" बायकोने विचारलं.

मी सांगितलं. मी तिला किती वेळा असं वापरलंय, सोफ्यासाठी, गाडीसाठी, हेही मधे घालून बघितलं, म्हणजे ते नेहमीचं वाटावं. तिने पोळी तव्यावर तशीच जळू दिली.

"सोफ्याच्या वेळी मला माहीत असायचं रे," ती म्हणाली. "आणि तू आपल्या पोरीला मध्ये आणलंस. माझ्या तोंडात घालून."

मग ती म्हणाली, उद्या जायचं आणि त्यांना खरं सांगायचं. आणि मी, खरं सांगतो, वाद घातला. मी म्हणालो, आता सांगून काय मिळणार? स्पार गेला. आत्ता त्यांना वाटतंय की एक सदोष पंख त्यांनी वेळेवर पकडला. आपण खरं सांगितलं तर कळेल की त्यांनी स्वतःच्या हातांनी एक चांगला पंख मोडला, काही कारण नसताना. हे त्या वयात ऐकवायचं? त्यापेक्षा गप्प बसणंच दयेचं नाही का? मी हे इतकं बिनतोड मांडलं की ऑफिसच्या मीटिंगमध्ये लगेच मान्य झालं असतं.

बायको म्हणाली, "आणि ती उशी?"

मला कळलं नाही.

"ते रोज काय विचार करत असतील? की मी हिला शब्द दिला आणि मोडक्या पंखावर बसवून वर्षानुवर्षं नाश्त्याला नेलं. हा विचार करत बसलेत ते, यार. तुला एवढंही समजत नाही?"

मला खरंच तोवर समजलं नव्हतं. मी फक्त पंखाचा हिशोब करत होतो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला सुट्टी टाकली. गाडी तिने चालवली. हँगरमध्ये विमानाला एकच पंख होता. दुसरा सतरंजी घातलेल्या लाकडी घोड्यांवर आडवा, त्याचा खालचा पत्रा एका बाजूने उचकटलेला. काकांनी दाढी केलेली नव्हती. शर्ट मात्र इस्त्रीचा होता. त्यांनी बायकोचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, "या मॅम, तुम्हीच बघा." आणि तिला ती भोकं दाखवायला लागले. लांबोळकी झालेली, काही एकमेकांत शिरू पाहणारी. थरथरत्या हातातलं ड्रिल कसं घसरत गेलं असेल ते कुणालाही दिसलं असतं. फक्त त्यांनाच दिसत नव्हतं, कारण त्यांनी आधीच स्वतःला दोषी धरलं होतं.

बायकोने माझ्याकडे पाहिलं.

मी बोललो. सारवासारव न करता बोलायचं ठरवून आलो होतो आणि बऱ्यापैकी तसंच बोललो. तिने ती ओळ चुकलीय असं म्हटलं नव्हतं. तिने म्हटलं होतं की तुम्ही फार जीव लावून काम केलंय, भाव करू नये. ते वाक्य मी बदललं, किंमत उतरावी म्हणून. मेकॅनिकने मला आधीच सांगितलं होतं की पंख उत्तम आहेत. आमच्याकडे वस्तू घेताना तिला नावं ठेवायची पद्धत आहे, हेही मी म्हणालो, आणि म्हणता म्हणता मला ऐकू आलं की मी इथेही माझ्या वडिलांना साक्षीला उभं करतोय. तिथे थांबलो.

काका माझ्याकडे बघत होते. राग दिसला असता तर मला बरं वाटलं असतं. ते एखाद्या मुलाचं उत्तर तपासत असल्यासारखे बघत होते.

"तुम्ही हे मला बरं वाटावं म्हणून सांगत नाही कशावरून?" त्यांनी विचारलं.

"नाही हो. खरंच सांगतोय."

"त्या दिवशीही तुम्ही अगदी असेच दिसत होता," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. "तुमचं सांगणं मला उपयोगाचं नाही. त्या मेकॅनिकला फोन लावा."

मी लावला. स्पीकरवर ठेवला आणि विचारलं की उजव्या पंखाच्या मुळाशी तू काय पाहिलंस ते सांग, मालक ऐकतायत. मेकॅनिक थोडा घुटमळला, मग माझी हरकत नाही असं मी दोनदा सांगितल्यावर बोलला. कॅमेरा अगदी आतपर्यंत घातला होता, म्हणाला. भोकं गोल, रिवेट घट्ट, रेषा सरळ. असं काम शिकाऊ पोरांना दाखवायला हवं. मग त्याने विचारलं, "का, काही झालंय का?" मी नंतर बोलतो म्हणून फोन बंद केला.

काका हळूच स्टुलावर बसले. ते विमानाकडे बघत होते, पंखाकडे नाही, आतल्या उजव्या सीटकडे.

"म्हणजे ती सुखरूप होती," ते म्हणाले. "सगळे शनिवार."

"हो," बायको म्हणाली. "सगळे शनिवार."

त्यांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले, काही न लपवता, रुमाल नीट उलगडून. मलाही रडू येत होतं, पण तिथे रडायचा हक्क मला नव्हता, म्हणून मी फरशीकडे बघत उभा राहिलो. बऱ्याच वेळाने ते उठले आणि पंखाजवळ गेले. त्या भोकांवरून त्यांनी अंगठा फिरवला. आता ती त्यांना दिसली असावीत. "मग ही आत्ताची," ते म्हणाले. "ही माझी आत्ताची आहेत."

मी पुढे झालो. म्हणालो, नवा स्पार, नवा पत्रा, जे लागेल त्याचा सगळा खर्च मी देतो, बसवून घेण्याची मजुरीसुद्धा, आणि विमान तुमच्या पहिल्या किमतीला घेतो. तुम्ही फक्त आकडा सांगा, मी एक शब्द बोलणार नाही. मी मनापासून बोलत होतो. किचन, कपाटं, काही मनात नव्हतं.

"पण माझं काम तुम्हाला खरोखर कसं वाटतंय हे मला कसं कळणार?" काका म्हणाले.

मी कितीही पैसे दिले असते तरी ते पैसेच राहिले असते. त्या पंखाबद्दल खरं बोलण्याची एक वेळ होती, आणि तेव्हा मी दुसरंच काही बोललो होतो.

त्यांनी उचकटलेला पत्रा हाताने दाबून पाहिला. शेडमध्ये चिमण्या असतात, त्या पंखात घरटं करतात, म्हणून तो तात्पुरत्या क्लिपांनी तरी बंद करायचा होता. एकाने पत्रा वाकवून धरायचा आणि दुसऱ्याने क्लिपा लावायच्या. त्यांच्या एकट्याच्याने ते होत नव्हतं. मी लगेच पत्र्याला हात घातला.

"नको," ते म्हणाले. मोठ्याने नाही. मी हात काढला. मग ते बायकोकडे वळले, "मॅम, जरा धरता का?"

तिने पर्स खाली फरशीवर ठेवली आणि पत्रा धरला. ते एकेक क्लिप लावत गेले, हात थरथरत होते, वेळ लागत होता, आणि ती त्यांच्या वेगाने पुढे सरकत होती. मधेच त्यांनी तिला विचारलं की मुलीचं नाव काय, आणि तिने सांगितलं. मी तिथेच होतो, पण मला कुणी काही विचारलं नाही.